गाडीचा एकर

परवा अंगणात गाडी धुवायला काढली आणि दरवर्षीसारखं यंदाही तिच्यातून लाल पाणी निघालं. शेजारी नवीन राहायला आलेले बँकेतले साहेब पुण्याकडचे आहेत. ते दात घासत कुंपणाशी उभे होते. ड्रायव्हरच्या सीटखालून लाल ओघळ निघाला, पायरीवरून उतरला आणि फरशीवर पसरला, तसा त्यांचा ब्रश तोंडातल्या तोंडात थांबला.

"अपघात वगैरे झाला होता का हिचा?" त्यांनी विचारलं.

मी इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली घेतला. "एक माणूस होता. फार प्रश्न विचारायचा."

साहेब चूळ भरायला आत गेले ते दिवसभर बाहेर आले नाहीत. संध्याकाळी माझी बायको सुनंदा वाटीभर लोणचं घेऊन त्यांच्याकडं गेली आणि खरं काय ते सांगून आली. ती हळद आहे. हळदीला साबण लागला की ती लाल होते, चुना लागला की तिचं कुंकू होतं. आमच्या हिंगोलीकडं हे लेकरालाही सांगावं लागत नाही.

सध्या पुन्हा तेच दिवस आहेत. शेताशेतात हळद शिजवायचे बंब पेटलेत. वाफेचा तो ओला, मातकट, जरासा कडू वास सकाळी दार उघडायच्या आधीच घरात येऊन बसलेला असतो. वाळवणं पडली आहेत. दोरीवरची धोतरं पिवळी, रस्त्यावरची कुत्री पिवळी, दुकानदारानं परत दिलेली नोट पिवळी. सगळ्यांना हा हंगाम सुखाचा वाटतो, मलाही वाटतो, पण वाफेचा पहिला झोत नाकात शिरला की मी अजून आधी आभाळ बघतो. ती सवय काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामातली आहे. त्या हंगामात मी हळद वाळवत नव्हतो. मी गाडी वाळवत होतो.

हे नीट सांगायला हवं.

मी पोटासाठी दोन कामं करतो. एक शेती, आणि दुसरं बोलणं. लग्नात, वाढदिवसाला, दुकानाच्या उद्घाटनाला माईक हातात घेऊन उभा राहणारा जो माणूस असतो, तो मी. वधूवरांना आशीर्वाद मी देतो, मामांना नवरीला घेऊन यायला मी सांगतो, आणि जेवणाच्या पंगती सुरू झाल्या की कुणीतरी माझ्या हातात चिठ्ठी कोंबतो, ती वाचतो: "एमएच अडतीस, पांढऱ्या रंगाची गाडी, कृपया वाटेतून बाजूला घ्यावी." आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गाड्या बाजूला घ्यायला लावल्या. मालक मांडीवरची शेव झटकत, चावी बोटाभोवती फिरवत, सगळ्या मांडवादेखत असा चालत जायचा की नवरदेवानं बघत राहावं. आणि मी कार्यक्रम संपला की ॲम्प्लिफायर मोटारसायकलला बांधून, मांडीला त्याचे कोपरे टोचवत, घरी.

मला गाडी हवी होती. पण कुठलीही नको. बुटकी, रुंद, रस्त्याला चिकटून पळणारी, आवाजातच ताकद कळावी अशी. डॉक्टर ज्या वयात जिने सावकाश चढा म्हणू लागतात, त्याच वयात माणसाला वेग का हवासा वाटतो, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर सापडलेलं नाही. आरशात बघितलं की मात्र प्रश्न समजतो.

सुनंदानं हे सगळं वर्षानुवर्षं ऐकलं. मग एका जूनमध्ये, बेणं लावायच्या आदल्या दिवशी, बांधावर उभी राहून तिनं विहिरीकडच्या तुकड्याकडं बोट दाखवलं.

"हा एकर तुमचा. ह्यातल्या हळदीचं काय यील ते यील, त्याच्यात तुमची ती पळणारी गाडी बसवा."

मी काही बोलणार, एवढ्यात ती पुढं म्हणाली, "पर एकदाच. फसलात तर परत माझ्यासमोर गाडीचं नाव काढायचं न्हाई. ह्या एकरात सोयाबीन लावीन आन् गप बसवीन."

सुनंदा बोलते कमी. त्यामुळे बोलली की ते लागू होतं.

तेव्हापासून त्या तुकड्याला आमच्या गावात गाडीचा एकर म्हणू लागले. नऊ महिने मी त्या एकराला आईच्या मायेनं जपलं. पान पिवळं पडलं की माझा गिअर अडकायचा. नवी गाडी त्या एकरात बसणारच नव्हती, फार तर दोन चाकं आणि आरसा आला असता. घ्यायची तर वापरलेली, आणि वापरलेल्या गाडीत वापरणाऱ्यानं काय काय करून ठेवलं आहे, हे फक्त त्याला आणि देवाला ठाऊक असतं. दोघंही सांगत नाहीत.

हळद निघाली, शिजली, वाळत पडली, आणि आभाळ भरून आलं. अवकाळीचे ढग वाशिमकडून यायचे, आमच्या वाळवणावर थांबायचे आणि विचार करायचे. शिजलेली हळद भिजली की रंग जातो, रंग गेला की भाव जातो. एकेक ढग आला की माझी गाडी एकेक वर्षानं जुनी व्हायची. मोठा गडगडाट झाला त्या दुपारी तर मी मनातल्या मनात एसी काढून टाकला. ताडपत्र्या ओढताना शेजारच्या शेतातले लोक मालाकडं बघायचे, मी वर बघायचो. आजही दुपारी ढग आले की माझा हात आपोआप खिशातल्या चावीवर जातो.

पाऊस पडला नाही. हळद वसमतला पॉलिशला नेली, आणि तिथंच पहिली गाडी भेटली.

पॉलिशचं यंत्र रफीकभाईंचं. मोठं पिंप फिरत असतं, आत हळकुंडं एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात आणि चहूकडं पिवळा धुरळा उडतो. त्या धुरळ्यात एक काळी गाडी उभी होती. काळी म्हणजे मूळची काळी, तेव्हा मोहरीच्या फुलासारखी पिवळी. बुटकी होती, रुंद होती, आत टर्बोचं इंजिन होतं. पण चेहरा गरीब. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरासारखी.

"गाडी बराबर हाय," रफीकभाई म्हणाले. "मी शेताशेतानं हळद बघायला हिच्यातच फिरतो. एखादं पोतंही टाकतो मागं. खोटं काहून बोलू? दिसायला न्हाई, पळायला हाय. बसून बघा."

मी दार उघडलं. आतून हळदीचा असा लोट आला की मला शिंक आली. चालवून पाहिली. पळाली, खरंच पळाली, पण मी नाकानं श्वास घेत नव्हतो. जन्मभर हळदीत राहिलेला माणूस गाडी कशासाठी घेतो? हळदीतून बाहेर पडायला. मी रफीकभाईंना म्हणालो, विचार करून सांगतो. सुनंदा गाडीच्या मागच्या सीटवर हात फिरवत होती.

दुसरी गाडी कनेरगाव नाक्याला होती. ढाब्याच्या बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये चारपाच गाड्या, आणि गाड्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले गजूशेठ. शर्ट पांढरा, बूट पांढरे, हसू त्याहून पांढरं. त्यांनी सकाळीच फोन केला होता: "वाशिमचं गिऱ्हाईक दुपारी येऊन राहिलं भाऊ. मग मला नावं ठेवू नका."

आम्ही एसटीनं गेलो. मी, सुनंदा आणि मोतीराम राठोड. मोतीराम तांड्यावरचा माझा जुना दोस्त. त्याच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या बैल हाताखालून गेलेले, आणि जनावराच्या पाठीवर हात ठेवून तो त्याचा स्वभाव सांगतो. गाडी पारखायला त्याला का नेलं, असं आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. त्या दिवशी मला ते अगदी बरोबर वाटलं होतं, त्यालाही वाटलं होतं.

निळी. मी एवढंच म्हणेन. मोरपिशी निळी, पुढून नाक दाबल्यासारखी, मागच्या काचेवर पंखासारखी पट्टी, चाकं चांदीची. सूर्य तिच्यावर पडून घसरत होता. आतून अत्तराचा वास, आणि पिवळं काही म्हणजे काही नाही.

"लेडीज डॉक्टरनं वापरली," गजूशेठ म्हणाले. "दवाखाना ते घर, घर ते दवाखाना."

मोतीरामनं गाडीभोवती फेरी मारली. टायर दाबले, खुरं बघावी तसे. बॉनेट उघडायला लावून आत वाकून पाहिलं.

"दात चांगले हायेत," तो म्हणाला.

गजूशेठ गंभीरपणे हो म्हणाले. गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी हो म्हणायची त्यांना सवय असावी.

मी ती वाशिम रस्त्याला काढली. सुनंदा बाजूला, मोतीराम मागं. पाय दाबला आणि माझी पाठ सीटमध्ये रुतली. झाडं मागं गेली, ट्रक मागं गेला, ॲम्प्लिफायरचे टोचलेले सगळे कोपरे मागं गेले. सीट मधूनच पुढंमागं डुलत होती. मला वाटलं, वेगात असंच होत असेल. सुनंदा दाराची मूठ धरून म्हणाली, "तुमची खुर्ची हालून राहिली का?" मी म्हणालो, "स्पोर्ट गाडी आहे." माझ्याकडं तेव्हा प्रत्येक गोष्टीला हे एकच उत्तर होतं.

शेडमध्ये परतलो तर गजूशेठ फोनवर बोलत होते. "हां, या, या. दुसरी पार्टी बघून राहिली, पर तुमी या." फोन ठेवून ते आमच्याकडं नुसते हसले. माझा हात खिशात गेला. खिशात इसाराची नोटांची घडी होती, आणि घडीला घाम आला होता.

मोतीराम तेवढ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी पायपुसणं उचलून बघत होता. "अरे," तो म्हणाला. बोट वर केलं. बोटाला पिवळट तांबूस भुकटी.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मोतीरामनं बोट नाकाला लावलं. "हळद."

मी माझं बोट लावून वास घेतला. हळदच. शंकाच नको. माझ्या बोटाला त्या दिवसांत दगडाला हात लावला तरी हळदीचाच वास आला असता, हे मला तेव्हा सुचलं नाही. नखं पिवळी, तळवे पिवळे, नाकाचे केस पिवळे. त्या हंगामात आमच्या मुलखातला माणूस चंद्रावर उतरला असता तरी तिथली माती उचलून त्यानं हळदच म्हटलं असतं.

आणि गंमत बघा. हळदीचा वास येतो म्हणून मी वसमतच्या गाडीला नाक मुरडलं होतं. इथं चिमूटभर दिसली तर मला गहिवरून आलं. एवढी देखणी, परक्या मुलखातली वाटणारी गाडी, आणि आतून आपलीच निघाली.

गजूशेठ तोपर्यंत जवळ आले होते. "हळदच ती," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईच्या माहेरी हळद हाय ना."

खिशातली घडी अर्धी बाहेर आली होती. तेव्हा सुनंदा खाली बसली. तिनं भुकटी चिमटीत घेतली आणि चोळली. एकदा, पुन्हा एकदा. "करकर लागून राहिली," ती म्हणाली. मग हात मोतीरामसमोर धरला. "भाऊजी, चुन्याची डबी द्या."

मोतीरामनं तंबाखूची डबी काढून चुन्याचं झाकण उघडलं. सुनंदानं तळव्यावर भुकटी घेतली, नखभर चुना घेतला, पाण्याचे थेंब टाकले आणि अंगठ्यानं मळायला लागली. आम्ही तिघं पुरुष तिच्या तळव्यावर वाकलो होतो. ढाब्यावरची भांडी वाजत होती, रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि माझं सगळं आयुष्य त्या तळव्यावर लाल व्हायचं थांबलं होतं. हो, हो, हो, मी मनात म्हणत होतो. हो गं बाई लाल.

ती मळत राहिली. चिखल मातकटच राहिला.

"कुंकू होईना," सुनंदा म्हणाली.

"जुनी हळद असंल वहिनी," गजूशेठ म्हणाले. "जुन्या हळदीत दम राहत न्हाई."

"माझ्या देव्हाऱ्यात सासूबाईच्या हातची हळद हाय. त्या गेल्या, हळद हाय. अजून कुंकू होतं तिचं." ती उठली, हात झटकला. "ही हळद न्हाई. गंज हाय."

मोतीरामनं आत वाकून गालिचा खसकन ओढला आणि सीटच्या बोल्टाशेजारी अंगठा दाबला. पत्रा पापडासारखा मोडला. भोकातून खाली कनेरगाव नाक्याची खडी दिसली. गाडी कुठल्यातरी पुरात गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली असावी. माझी डुलणारी खुर्ची त्या पापडाला धरून होती, आणि त्या खुर्चीत बसून मी नुकतंच ट्रकला मागं टाकलं होतं.

मी नोटांची घडी परत खिशात कोंबली. गजूशेठना काहीच झालं नाही. "वेल्डिंग करून देऊ ना," ते म्हणाले, आणि पुन्हा फोन कानाला लावला. त्या फोनची घंटा मी काही ऐकली नव्हती.

मोतीराम ढाब्यावर हात धुताना म्हणाला, "बैलाला गंज चढत न्हाई, वहिनी. माझी काय चूक?"

एसटीत तो मागच्या सीटवर झोपला. मी आणि सुनंदा पुढं. मी खिडकीतून सोयाबीनची शेतं बघत होतो. शेतं तेव्हा मोकळीच होती, पण मला सगळीकडं सोयाबीनच दिसत होतं. फसलो नव्हतो, हे खरं. पण फसायला एका चिमटीचंच अंतर राहिलं होतं, आणि ते तिनं पाहिलं होतं. हिंगोली जवळ आली तेव्हा ती बोलली.

"वसमतची काहून न्हाई म्हणालात?"

"वास येतो तिला."

"कशाचा?"

"हळदीचा."

ती माझ्याकडं वळली. "माझ्या अंगालाबी येतो," म्हणाली.

मी फोन काढला आणि रफीकभाईंना लावला.

"गाडी आहे का?"

"हाय, भाई. पर गिऱ्हाईक समोर बसलंय. नांदेडचं. चहा पिऊन राहिलंय."

मी सुनंदाकडं बघितलं. "आम्ही निघालो," मी म्हणालो. "त्यांना अजून एक चहा पाजा."

हिंगोलीच्या स्टँडवर मोतीराम उतरून गेला आणि आम्ही वसमतची एसटी धरली. ती एसटी मी माझ्या ताकदीनं ढकलत नेली. प्रत्येक थांब्यावर म्हाताऱ्या उतरत होत्या, गाठोडी उतरत होती, मग गाठोड्यात काहीतरी राहिलं म्हणून म्हातारी पुन्हा चढत होती. मी नांदेडच्या त्या माणसाच्या पोटात चहा किती मावेल याचा विचार करत होतो. सुनंदानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं की मी मघापासून पायानं ॲक्सिलरेटर दाबतो आहे.

रफीकभाईंच्या आवारात शिरलो तर गाडी फाटकाकडं तोंड करून उभी, दार उघडं, आणि नांदेडचे गृहस्थ आत स्टिअरिंगवर बसलेले. संपलं, मी म्हणालो. गृहस्थ खाली उतरले. अंगावर कडक इस्त्रीची पांढरी पँट. ते रफीकभाईंशी हात मिळवायला वळले आणि त्यांची पाठ आमच्याकडं झाली. पँटीच्या बैठकीवर सीटचा अख्खा नकाशा उमटला होता, हळदीचा, शिवणींसकट.

मी तोंड बंद ठेवलं. हे मला किती जड गेलं असेल याची कल्पना करा. बोलली सुनंदा. "साहेब, मागून पिवळं झालं तुमचं. साबण लावू नका हो, लाल होईल."

गृहस्थांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला, स्वतःभोवती एक फेरी मारली, हातानं झटकलं, तसा हातही पिवळा झाला. ते रफीकभाईंना म्हणाले, "विचार करून सांगतो." माझंच वाक्य. माझ्यासारखंच नाक मुरडून.

इसार दिला, उरलेले हळद विकल्यावर द्यायचे ठरले. पिवळ्या पडलेल्या त्या काळ्या गाडीचे चारी कोपरे मी बघितले, आता कुठं बघत होतो. सुनंदानं मात्र पायपुसणं उचललं. खाली पिवळं, जाड, दाबून बसलेलं. तिनं रफीकभाईंच्या पानाच्या डबीतून चुना मागून घेतला आणि चिमूटभर पिवळं तळव्यावर मळलं. दोन वळसे झाले नसतील, तळवा लालभडक.

"झालं," ती म्हणाली.

गाडीची पूजा करायला आमच्याजवळ काहीच नव्हतं, ना नारळ, ना फूल. सुनंदानं तेच कुंकू बॉनेटवर बोटानं लावलं. बोटाला थोडं उरलं, ते माझ्या कपाळावर लावलं. पिंपावरचे मजूर बघत होते. रफीकभाई हसून म्हणाले, "भाभी, दोन्ही जुनी मॉडेल हायेत, सांभाळून चालवा."

"चावी," सुनंदा म्हणाली. ती ट्रॅक्टर चालवत आलेली आहे, त्यामुळे टर्बो म्हणजे तिला काही मोठी गोष्ट वाटली नाही. औंढ्याच्या रस्त्याला लागल्यावर तिनं पाय दाबला आणि माझी पाठ सीटमध्ये रुतली. सीट हलली नाही. काचा खाली होत्या, आतला पिवळा धुरळा वर उठून भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडत होता, आणि मी बाजूला बसून नाकानं श्वास घेत होतो.

त्यानंतर त्याच लग्नसराईत एका मांडवात, पंगत बसल्यावर, कुणीतरी माझ्या हातात चिठ्ठी कोंबली. एमएच अडतीस, काळ्या रंगाची गाडी, वाटेत उभी आहे. मी नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग माईक तोंडाजवळ घेतला, घसा साफ केला, आणि प्रत्येक आकडा मंगलाष्टकाच्या चालीत आळवला. बायकांच्या पंगतीतून सुनंदा उठली. मांडीवरची शेव झटकली, चावी बोटाभोवती फिरवली, आणि पिवळ्या तळव्यांची ती बाई सगळ्या मांडवादेखत अशी चालत गेली की नवरदेव बघत राहिला.

मी तो नंबर आणखी एकदा वाचला. गाडी केव्हाच हलली होती.